फ्यूज बॅटरीजवळच हवा

भंडारा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. नागपूर-रायपूर महामार्गालगत उन्हात उभ्या असलेल्या मोटारीच्या आत त्याहूनही अधिक उष्णता साठते. अशा मोटारीत सबवूफर बसविताना आवाजाइतकाच विचार वायरिंगचाही व्हायला हवा.

मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची असल्याने ती निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात दाब कमी असला, की तेवढ्याच शक्तीसाठी विद्युतप्रवाह अधिक लागतो. ५०० वॉटचा अॅम्प्लिफायर ८० टक्के कार्यक्षम धरला, तरी पूर्ण आवाजात तो सुमारे ५२ अँपिअर प्रवाह ओढतो. घरातील २३० व्होल्टवर एवढ्याच शक्तीला तीन अँपिअरही लागत नाहीत. म्हणूनच येथे सुमारे २० चौरस मिलिमीटर जाडीची, शुद्ध तांब्याची वायर वापरावी. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर स्वस्त असते. मात्र तेवढ्याच जाडीत ती अधिक तापते.

खरा धोका बॅटरीपासून डिकीपर्यंत जाणाऱ्या वायरमध्ये असतो. मोटारीचा पत्रा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. बॉनेटमागील छिद्राच्या धारेवर घासून वायरचे आवरण फाटले आणि तांबे पत्र्याला टेकले, तर शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहून आग लागू शकते. अॅम्प्लिफायरमधील फ्यूज या बिघाडाच्या पलीकडे असल्याने तो येथे उपयोगी पडत नाही. त्यासाठी बॅटरीच्या धन टोकापासून ४५ सेंटिमीटरच्या आत स्वतंत्र फ्यूज बसवावा. तो वायरचे रक्षण करतो. त्यामुळे त्याची क्षमता वायरला पेलवेल त्याहून अधिक नसावी. वरील उदाहरणात ६० अँपिअरचा फ्यूज पुरेसा ठरतो. पत्र्यातील छिद्राला रबरी कडेही बसवावे.

काम सुरू करताना बॅटरीचे ऋण टोक सर्वांत आधी सोडवावे आणि सर्वांत शेवटी जोडावे. अर्थिंगची वायर धन वायरइतकीच जाड व शक्य तितकी आखूड असावी. ती रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्याला घट्ट आवळावी. ४ ओहमचे दोन सबवूफर समांतर जोडल्यास एकूण रोध २ ओहम होतो. अॅम्प्लिफायरला तो चालतो का, हे माहितीपत्रकात आधी पाहावे. अॅम्प्लिफायरभोवती हवा खेळती ठेवावी.

जोडणीनंतर अर्धा तास संगीत वाजवून वायर आणि फ्यूजच्या डबीला हात लावून पाहावा. चटका बसत असेल, तर वायर अपुरी आहे किंवा जोड सैल आहे. अशा वेळी मोठा फ्यूज टाकणे म्हणजे आगीला वाट मोकळी करून देणे होय.