सूक्ष्मजीवांचे संवेदन : जिवाणूंमधील प्रथिनाधारित संकेतवहन

प्रस्तावना :

ज्ञानेंद्रिये, चेतासंस्था आणि मेंदू यांच्याशिवाय परिसराचे ज्ञान होणे शक्य नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु सुमारे २ मायक्रोमीटर लांबीच्या 'इश्चेरिशिया कोलाय' (ई. कोलाय) या एकपेशीय जिवाणूकडे यांपैकी काहीही नसताना तो अन्नाच्या दिशेने जातो व अपायकारक द्रव्यांपासून दूर सरतो. या वर्तनास 'रसायन-अनुचलन' असे म्हणतात. त्यामागील प्रथिनांची कार्यपद्धती आणि तिचे वैद्यकीय महत्त्व यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

अन्न आणि संकेत :

जिवाणू अन्नाकडे जातो तो त्या अन्नाचे पचन झाल्यामुळे, की केवळ त्याची चाहूल लागल्यामुळे? या प्रश्नाचे उत्तर ज्युलियस ॲडलर यांनी १९६९ मध्ये दिले. एखाद्या शर्करेचे चयापचय करण्याची क्षमता गमावलेले जिवाणूही त्या शर्करेकडे आकर्षित होतात, असे त्यांना आढळले. यावरून जिवाणूंच्या ठिकाणी स्वतंत्र रासायनिक ग्राही असतात, हे सिद्ध झाले.

१९७२ मध्ये हॉवर्ड बर्ग व डग्लस ब्राउन यांनी विशेष सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने एकेका जिवाणूचा मार्ग टिपला. जिवाणू सुमारे एक सेकंद सरळ पोहतो, क्षणभर गडबडतो आणि नव्या दिशेने निघतो. ही नवी दिशा बव्हंशी यादृच्छिक असते. कशाभिका घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरल्या तर त्यांची जुडी होऊन सरळ गती मिळते; काही कशाभिका काट्यांच्या दिशेने फिरू लागल्या की जुडी विस्कटते. परिस्थिती अनुकूल होत असेल, तर गडबडण्याचे प्रमाण घटते आणि त्या दिशेची धाव लांबते. अर्थात, जिवाणू दिशा निवडत नाही. तो योग्य दिशा लवकर सोडत नाही, एवढेच.

फॉस्फेट गटाची देवाणघेवाण :

पेशीच्या टोकांजवळ हजारो ग्राही प्रथिने समूहाने असतात. त्यांचे एक टोक पेशीपटलाबाहेर व दुसरे पेशीच्या आत असते. आतील टोकाशी 'चे-ए' हे प्रथिन संलग्न असते. ते एटीपीपासून फॉस्फेट गट घेऊन स्वतःच्या हिस्टिडीन या घटकावर बसवते आणि पुढे 'चे-वाय' या प्रथिनास देते. फॉस्फेटयुक्त 'चे-वाय' कशाभिकेच्या मोटरीस चिकटून तिची दिशा बदलते. पोषक द्रव्य ग्राहीस चिकटले की 'चे-ए'ची क्रिया मंदावते, फॉस्फेटयुक्त 'चे-वाय' कमी होते आणि धाव लांबते. 'चे-झेड' हे प्रथिन 'चे-वाय'वरील फॉस्फेट सतत काढून टाकत असल्याने जुना संकेत रेंगाळत नाही.

स्मृतीचे रासायनिक रूप :

एवढ्या लहान पेशीस आपल्या दोन टोकांमधील संहतीचा फरक जाणणे कठीण असते. म्हणून ती 'आता' आणि 'काही क्षणांपूर्वी' यांची तुलना करते. अशी तुलना करायची, तर मागील स्थितीची नोंद हवी. ही नोंद ग्राहींवरील मिथिल गटांच्या रूपाने राहते. 'चे-आर' हे मिथिल गट जोडते, तर 'चे-बी' ते काढते. हा बदल मूळ संकेतापेक्षा सावकाश होतो. याच विलंबामुळे काही सेकंदांची स्मृती निर्माण होते. मिथिल गटांची संख्या जुळली की ग्राही पूर्वपदावर येतो आणि जिवाणू पुढील बदलाची दखल घेण्यास सिद्ध होतो.

क्षयरोगाच्या जिवाणूतील उदाहरण :

संवेदक कायनेज आणि प्रतिसाद-नियामक या दोन प्रथिनांच्या जोडीस 'द्विघटक प्रणाली' म्हणतात. ई. कोलायमध्ये अशा सुमारे ३० प्रणाली आहेत. त्यांपैकी बहुतेकांचा प्रतिसाद हालचालीऐवजी जनुकांच्या कार्यातून प्रकट होतो. क्षयरोगाच्या जिवाणूतील 'डेव्ह-आर–डेव्ह-एस' या अशाच प्रणालीचे वर्णन नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील जया त्यागी व सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केले. 'डेव्ह-एस'मधील हीम गट प्राणवायूची कमतरता ओळखतो. त्यानंतर 'डेव्ह-आर' सुमारे ४८ जनुकांचा समूह कार्यान्वित करतो. प्राणवायूच्या अभावी जिवाणू सुप्तावस्थेत जाऊन तग धरतो. अशा सुप्त जिवाणूंवर अनेक औषधांचा प्रभाव कमी पडतो. क्षयरोगाचे उपचार दीर्घकाळ चालवावे लागतात, त्यामागील हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते.

समारोप :

परिसराची जाण, तुलना आणि स्मृती या क्रिया मेंदूच्या आधी, प्रथिनांच्या पातळीवर अस्तित्वात होत्या, असे या विवेचनावरून दिसते. जिवाणूस 'हेतू' असतो असे मात्र यातून सिद्ध होत नाही. विशिष्ट वेगाने घडणाऱ्या रासायनिक क्रियांचा मेळ एवढ्यासाठी पुरेसा ठरतो. मानवी पेशींत द्विघटक प्रणाली आढळत नसल्याने नव्या प्रतिजैविकांचे लक्ष्य म्हणून तिचा अभ्यास होत आहे. म्हणूनच जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र या विषयांच्या अध्यापकांनी एकत्रितपणे शिकवावा, असा हा विषय आहे.