संध्या : कथकच्या ततकारापासून तमाशाच्या बोर्डापर्यंत

मराठी आणि हिंदी पडद्यावर ‘संध्या’ एवढ्याच नावाने गाजलेल्या अभिनेत्रीचे मूळ नाव विजया देशमुख. घरात नाटकाचे वातावरण होते. बहीण वत्सला देशमुख याही रंगभूमीवर आणि चित्रपटांत काम करत. वैजयंतीमाला, पद्मिनी यांच्यासारख्या दक्षिणेकडच्या अभिनेत्री लहानपणापासून भरतनाट्यम शिकून पडद्यावर आल्या. संध्या यांच्या बाबतीत मात्र चित्रपट आधी आला आणि शास्त्रीय नृत्य नंतर. वयाने मोठे झाल्यावर, ऐन कामाच्या धबडग्यात त्यांनी कथक आत्मसात केले आणि पुढे नर्तकीच्या भूमिकांसाठीच त्या ओळखल्या गेल्या.

त्यांची जवळजवळ सगळी कारकीर्द व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली घडली, म्हणून तिची पाळेमुळे कोल्हापुरापर्यंत जातात. शाहू महाराजांच्या आश्रयामुळे कोल्हापुरात चित्रकार, मल्ल आणि गवई यांना बळ मिळाले. बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनीही याच वातावरणात उभी राहिली. शांताराम वणकुद्रे, म्हणजेच व्ही. शांताराम, तिथे पडेल ते काम करत शिकले. १९२९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली, १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली, आणि १९४२ मध्ये शांतारामांनी मुंबईत परळला राजकमल कलामंदिर उभारले. विजया देशमुख यांची ‘संध्या’ झाली ती या राजकमलमध्ये.

पहिला चित्रपट ‘अमर भूपाळी’ (१९५१). पेशवाईतल्या शाहीर होनाजी बाळावरच्या या चित्रपटात पंडितराव नगरकर होनाजी झाले होते आणि संगीत वसंत देसाई यांचे होते. संध्या यांच्याकडे तमाशातल्या कलावतीची भूमिका आली. चित्रपट १९५२ च्या कान महोत्सवात दाखवला गेला. ‘तीन बत्ती चार रास्ता’ (१९५३) मध्ये शांतारामांनी त्यांना सौंदर्याच्या नेहमीच्या कल्पनेपासून मुद्दाम दूर नेले. यातली कोकिळा ही सावळी, गरीब मुलगी. घरकाम करणारी आणि रेडिओवर गाणारी. नायक तिच्या आवाजाच्या प्रेमात पडतो, पण तो आवाज कोणाचा हे त्याला ठाऊक नसते. नव्या नायिकेला रूप झाकून काम करायला लावणे हे धाडस होते, आणि संध्या यांनी ते निभावले.

खरी कसोटी ‘झनक झनक पायल बाजे’ने (१९५५) पाहिली. चित्रपटाचा विषयच नृत्य: कडक शिस्तीचे गुरू मंगल महाराज, त्यांचा मुलगा गिरधर आणि त्याची साथीदार नीला. गिरधरच्या भूमिकेत गोपीकृष्ण होते, बनारस घराण्याच्या परंपरेत तयार झालेले आणि विजेच्या चपळाईने नाचणारे कथक नर्तक. त्यांच्या शेजारी उभी राहून नाचणारी नायिका कच्ची दिसली असती, तर चित्रपट जागच्या जागी कोसळला असता. मग गोपीकृष्ण यांनीच संध्या यांना कथकची तालीम दिली.

ही तालीम किती अवघड होती ते कथकचे व्याकरण पाहिले की कळते. नर्तकाच्या पायांत घुंगरांचे जड वेढे असतात. तळपायाने जमिनीवर बोल वाजवणे हा ततकार त्याचा पाया. तो विलंबित लयीतून दुगुन, चौगुन असा दुप्पट, चौपट गतीने चढत जातो, तरी प्रत्येक बोल सुटा ऐकू यायला हवा. गिरक्या घेताना टाच एकाच ठिकाणी राहावी लागते आणि तिहाईचा, म्हणजे तीनदा घेतलेल्या बोलांच्या तुकड्याचा, शेवट नेमका समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर यावा लागतो. लहानपणी सुरुवात करणाऱ्यांनाही यात वर्षे जातात. नृत्य हाच पाया असलेल्या घरात वाढलेल्या गोपीकृष्णांची सहजता संध्या यांच्या नृत्यात दिसत नाही, आणि ती शोधणे अन्यायाचेच ठरेल. दिसतो तो प्रत्येक मुद्रेचा रेखीवपणा आणि पूर्ण ताकदीने केलेली हालचाल. रंगीत छायाचित्रणाच्या त्या सुरुवातीच्या काळात टेक्निकलरमध्ये चित्रित झालेल्या या नृत्यांनी प्रेक्षकांची झुंबड उडवली. हिंदीतील उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान आणि फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कारही ‘झनक झनक’ला मिळाला. शास्त्रीय नृत्याकडे कधीही न वळलेला सामान्य प्रेक्षक या चित्रपटामुळे कथक पाहायला बसला, ही त्याची मोठी कामगिरी.

१९५६ मध्ये संध्या आणि शांताराम यांचा विवाह झाला. पुढच्याच वर्षी ‘दो आँखें बारह हाथ’ आला. औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावर बेतलेल्या या कथेत सहा कैदी, एक तुरुंगाधिकारी आणि खेळणी विकणारी चंपा एवढीच मुख्य माणसे. राकट पुरुषांच्या त्या जगात एकट्या चंपामुळे हसू आणि हळवेपणा येतो. चित्रपटाला १९५८ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले.

‘नवरंग’मध्ये (१९५९) संध्या यांनी एकाच रूपात दोन बायका उभ्या केल्या: कवीची संसारी, व्यवहारी पत्नी जमुना आणि तिच्याच चेहऱ्याची, कवीच्या कल्पनेतली मोहिनी. संगीत सी. रामचंद्र यांचे. यातले होळीचे नृत्य आजही आवर्जून पाहिले जाते. त्यात छेड काढणारा पुरुष आणि त्याला झिडकारणारी स्त्री या दोघांचे काम संध्या एकट्याच करतात. समोरून घागऱ्यातली स्त्री दिसते. त्यांनी पाठ वळवली की डोक्यामागे चढवलेल्या मुखवट्यामुळे पुरुष दिसतो. वळण क्षणभर जरी रेंगाळले तरी भ्रम तुटेल. शिवाय वळल्याबरोबर उभे राहण्याची ढब, खांदे, पावलांचे वजन, सारेच बदलावे लागते. कथकमध्ये एकच नर्तक पलटा घेऊन राधेचा कृष्ण होतो, त्याच तंत्राचा हा पडद्यासाठी घडवलेला अवतार. याच नृत्यात पुढे खराखुरा हत्ती त्यांच्यासोबत ठेका धरतो.

शकुंतलेच्या कथेवरचा ‘स्त्री’ (१९६१), ‘सेहरा’ (१९६३), मराठीतला ‘इये मराठीचिये नगरी’ आणि ‘जल बिन मछली नृत्य बिन बिजली’ (१९७१) हे नंतरचे चित्रपट. नृत्ये पुष्कळ, पण कथांमध्ये आधीचा जोर राहिला नव्हता.

मग ‘पिंजरा’ (१९७२) आला, आणि संध्या पुन्हा तमाशाच्या बोर्डावर उभ्या राहिल्या. कथा कोल्हापूरच्या अनंत माने यांची, पटकथा-संवाद पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांचे, गीते जगदीश खेबुडकरांची आणि संगीत राम कदम यांचे. जर्मन चित्रपट ‘द ब्लू एंजल’मधल्या प्राध्यापकाच्या अधःपतनाचे बीज इथे अस्सल गावरान मातीत रुजले. तमाशाला गावाबाहेर काढणाऱ्या आदर्श गुरुजींना (डॉ. श्रीराम लागू) तुणतुणे धरायला लावण्याचा पण तमाशातली नर्तकी चंद्रकला (संध्या) करते आणि तो खरा करते. मग तिचाच जीव त्या माणसात गुंततो. संध्या यांच्या अभिनयाची उंची या वळणात आहे: सुरुवातीची ठसकेबाज, सूडाने पेटलेली बाई पुढे हळूहळू अपराधाच्या ओझ्याखाली वाकत जाते.

लावणीची अदा कथकपेक्षा वेगळी. ढोलकीच्या तोड्यावर पाय पडतात, पण सगळा खेळ नजर, मान आणि पदराचा. समोरच्या माणसाला डोळ्यांनी थेट गाठावे लागते. उषा मंगेशकरांच्या आवाजातल्या ‘पिंजरा’च्या लावण्यांमध्ये संध्या यांच्या पायांना कथकची सफाई आहे आणि नजरेला फडाचा रोख. वत्सला देशमुख यांनी याच चित्रपटात अक्काची भूमिका केली. ‘पिंजरा’ला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

संध्या यांच्या अभिनयावर भडकपणाचा आक्षेप नेहमी घेतला गेला. भुवया, ओठ, मान यांचा वापर त्या ठळकपणे करत, हे खरेच आहे. पण शांतारामांच्या पडद्यावर रंग, नेपथ्य आणि प्रकाश सगळेच ठळक असे. तिथे कुजबुजता अभिनय विरून गेला असता. ‘दो आँखें’मधली चंपा आणि ‘पिंजरा’च्या उत्तरार्धातली चंद्रकला पाहिल्यावर तो आक्षेप सरसकट टिकत नाही.

‘चंदनाची चोळी अंग अंग जाळी’ (१९७५) नंतर त्या पडद्यापासून दूर झाल्या. या चित्रपटात वत्सलाबाईंची मुलगी रंजनाही होती. पुढे ती मराठीतली आघाडीची नायिका झाली. शांताराम १९९० मध्ये गेले. संध्या यांचे ४ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईत निधन झाले.