अर्ध्या मिलिमीटरची हवा

“खोका उघडणारं माणूस बसून उघडणार, की उभ्यानं?”

भवानी पेठेतल्या एका पोटमाळ्यावर खोकेवाल्या काकांनी माझ्या भाचीला हे विचारलं, तेव्हा तिला आधी ती थट्टाच वाटली. ती आली होती दिवाळीच्या उटणं-अत्तराच्या संचासाठी खोका ठरवायला. मोबाइलमध्ये पन्नासेक फोटो होते. रंग, सोनेरी फॉइल, आतलं सॅटिन, सगळं डोक्यात पक्कं होतं. काका फोटोंकडे बघेचनात. “ताई, रंग शेवटी. आधी हात सांगा.”

उभ्या माणसाचा एक हात कायम अडकलेला असतो, हे त्यांचं म्हणणं. दारात पार्सल घेतलं तर दुसऱ्या हातात फोन, ऑफिसात मिळालं तर चहाचा कप. बसलेल्या माणसाला मांडी असते, टेबल असतं, दोन्ही हात मोकळे असतात. खोक्याची जात ठरते ती यावरून. मी सोबत म्हणून गेले होते, म्हणजे खरं तर गाडी चालवायला. पण त्या प्रश्नानंतर मीच स्टूल ओढून बसले.

भारी खोका म्हणजे काय, इथून सुरुवात करू. औषधाची किंवा टूथपेस्टची डबी असते ती घडीची. पातळ बोर्डाचा एकच तुकडा कापून, घडीच्या रेघा पाडून, चिकटवून चपटा पाठवतात आणि माल भरताना उभा करतात. या डबीचा जन्म चुकीतून झाला. ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट गेअर या कागदी पिशव्यांच्या कारखानदाराकडे १८७९ साली पिशव्यांवर घडीची रेघ पाडणारी पट्टी जागची सरकली आणि रेघ पाडण्याऐवजी कागद कापू लागली. माल वाया गेला, पण कापणं आणि घडी पाडणं एकाच दाबात करता येईल, हे गेअरच्या लक्षात आलं. तेव्हापासून स्वस्त डबी चपटी झाली. जो खोका चपटा होत नाही, जो रिकामा असतानाही आपली जागा अडवून बसतो, तो आपोआप श्रीमंतांच्या गोटात गेला. छापखान्यांच्या भाषेत तो रिजिड बॉक्स. काका त्याला नुसतं ‘पक्का खोका’ म्हणतात.

पक्क्या खोक्याचा आत्मा अगदीच गरीब आहे. करडा, खरखरीत, रद्दी कागदाच्या लगद्यापासून केलेला पुठ्ठा. बाजारात त्याला कप्पा बोर्ड किंवा ग्रे बोर्ड म्हणतात. जाडी बहुधा दीड ते तीन मिलिमीटर. वर जो मखमली, चकचकीत किंवा खादीसारखा पोत दिसतो, तो असतो जेमतेम सव्वाशे-दीडशे जीएसएमचा (चौरस मीटरला तितके ग्रॅम) कागद. म्हणजे हजारो रुपयांची साडी किंवा घड्याळ ज्या दिमाखात येतं, त्याच्या आत कालची वर्तमानपत्रं असतात. मला हे कळल्यावर फार बरं वाटलं, का ते विचारू नका.

पोटमाळ्यावर चार बायका आणि दोन मुलगे काम करत होते. एका मुलानं पुठ्ठ्याच्या अधिकच्या चिन्हासारख्या तुकड्याच्या चारही बाजू उभ्या केल्या आणि कोपऱ्यांना कागदी टेप मारली. नागडा खोका तयार. शेजारच्या ताईंनी छापील कागद उलटा पसरून त्यावर रोलरनं गोंद फिरवला. मोठ्या कारखान्यांत यंत्रावर गरम सरस वापरतात, तो जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होतो आणि झटकन धरतो. इथे पांढरा फेव्हिकॉलसारखा गोंद होता. त्यांनी खोका कागदाच्या बरोबर मध्यावर ठेवला. नुसत्या नजरेनं, खुणेची रेघ नाही. मग एकेक बाजू वर ओढून, काठावरून आत वळवून, प्लॅस्टिकच्या गुळगुळीत पट्टीनं घासून घेतली. कोपऱ्यावर कागदाचा एक इवलासा कान उरतो, तो आधी दाबायचा आणि मग त्यावरून दुसरी बाजू आणायची. उलटं केलं तर कोपरा सुटतो. एका खोक्याला मिनिटभरही लागलं नाही. मी करून बघितला. माझ्या कोपऱ्याला बटाट्याच्या करंजीसारखी मुरड पडली.

काकांनी मग तीन डमी पुढ्यात मांडल्या. व्यवसायात नमुन्याला डमीच म्हणतात.

पहिली टॉप-बॉटम. खाली तळ, वर झाकण, झालं. सगळ्यात जुनी आणि सगळ्यात सोपी दिसणारी. पण काकांनी झाकण तळावर नुसतं ठेवलं आणि हात काढून घेतला. झाकण पडलं नाही. ते उतरू लागलं, लिफ्टसारखं, एका लयीत. शेवटी एक हलका उसासा टाकून बसलं. भाचीच्या तोंडून ‘अय्या’ निघून गेलं.

ही करामत आहे मोजमापाची. समजा तळाचा पुठ्ठा बाहेरून १०० मिलिमीटर आहे. त्यावर दोन्हीकडून कागद चढला की ०.३ वाढले. झाकणाच्या आतही काठावरून वळवलेला कागद असतो, त्याचे आणखी ०.३. म्हणजे झाकण आतून १००.६ केलं तर ते अडकून बसणार. त्यात दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिलिमीटर मोकळा ठेवायचा. त्या फटीतून आतली हवा हळूहळू बाहेर पडते आणि तिच्या गतीनं झाकण खाली येतं. फट जास्त झाली तर झाकण धपकन पडतं, कमी झाली तर उघडताना अख्खा खोका झाकणाला चिकटून वर येतो आणि माणूस तो हलवत बसतो. “लोकांना वाटतं आपण पुठ्ठा विकतो,” काका म्हणाले, “विकतो आपण हवा.”

जपानी सुतारांना हे फार आधीपासून ठाऊक आहे. किरी नावाच्या हलक्या लाकडाची त्यांची कपाटं इतकी नेमकी बसवलेली असतात की एक खण आत ढकलला की दाबलेली हवा दुसरा खण बाहेर सारते. चहाचे कटोरेही तिकडे त्याच लाकडाच्या पेटीत देतात, झाकणावर कारागिराच्या हातचा मजकूर असतो, आणि पेटी हरवली तर कटोऱ्याची किंमत उतरते. आणि आपल्या काळातलं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण अ‍ॅपलचं. अ‍ॅडम लॅशिन्स्की यांनी २०१२ साली आलेल्या ‘इनसाइड अ‍ॅपल’ या पुस्तकात लिहिलं आहे की कंपनीत खोक्यांसाठी एक वेगळी बंदिस्त खोली होती आणि तिथे एक डिझायनर महिनोन्‌महिने शेकडो नमुने नुसते उघडत बसला होता. आयफोनच्या खोक्याची जात कुठली? हीच, टॉप-बॉटम. त्यात ना मॅग्नेट, ना रिबन. हवेची फट तेवढी जपलेली.

टॉप-बॉटमची एक खानदानी बहीण आहे. तळाच्या आत आणखी एक भिंत बसवून ती तळापेक्षा थोडी वर काढतात. झाकण त्या आतल्या गळ्यावर उतरतं आणि तळाच्या काठाला टेकून थांबतं. बाहेरून दोन्ही कडा एकसारख्या लागतात आणि उघडताना मधला वेगळ्या रंगाचा पट्टा डोकावतो. घड्याळं, अत्तरं यांच्यात ही जास्त दिसते. देखणी आहे, पण पुठ्ठा दीडपट आणि मजुरी त्याहून जास्त.

दुसरी डमी मॅग्नेटची. पुस्तकासारखी उघडते आणि मिटताना ‘टक्’ करते. लग्नपत्रिका, सुकामेवा, कंपन्यांच्या भेटी, सगळीकडे सध्या हिचंच राज्य आहे. एका हातानं उघडते, म्हणून उभ्या माणसाची ही लाडकी. पुठ्ठ्यात खाच पाडून छोटा चुंबक बसवायचा आणि वरून कागद चढवायचा, म्हणजे तो दिसत नाही. पण चुंबकाला दोन तोंडं असतात. घाईत एखादा उलटा बसला तर झाकण मिटायच्या ऐवजी हाताला ढकलून देतं. म्हणून इथे एक जुना खोका कायम टेबलावर असतो आणि प्रत्येक चुंबक आधी त्याला लावून बघतात. मला स्वतःला या जातीचा कंटाळा आला आहे, हे सांगून टाकते. त्या ‘टक्’ची आता इतकी सवय झाली आहे की कान उठत नाहीत. शिवाय रद्दीत देताना पुठ्ठ्यातून चुंबक कोण काढणार? भाचीला मात्र तीच हवी होती. फोटोंतले पन्नासपैकी चाळीस खोके त्याच जातीचे.

तिसरी खणाची. आगपेटीसारखी, बाहेरचं आवरण आणि आत सरकणारा खण. ओढायला रिबनची जीभ किंवा अंगठ्यापुरती अर्धगोल खाच. ही मला सगळ्यात जवळची, आणि त्याचं कारण सावंतवाडी. तिथले गंजिफांचे गोल पत्ते ज्या लाकडी पेटीत येतात तिचं झाकण असंच खाचेतून सरकतं. दशावतारी संचात १२० पत्ते, दर अवताराचे १२, आणि पेटीवरही तितक्याच मन लावून केलेलं रंगकाम. झाकण सरकवताना आधी रंगाची एक पट्टी दिसते, मग अर्धं वर्तुळ, मग पत्ता. आतली वस्तू एकदम अंगावर येत नाही, आडोशातून पुढे येते. आजीची फणेरी पेटी उघडली की आधी आरसा, मग कुंकवाचा करंडा आणि तळाशी फणी, तेही याच घराण्यातलं.

पण खणाची एक खोड आहे. काकांनी त्यात अत्तराच्या कुप्या आणि उटण्याची बरणी ठेवली आणि खोका तिरका केला. खण सळकन बाहेर आला, आणि बरणी मी मांडीवर झेलली म्हणून वाचली. हलक्या वस्तूला खण चालतो, जड वस्तूला तो घट्ट करावा लागतो आणि घट्ट खण ओढताना रिबन हातात येते. “डमी रिकामी कधी बघायची नाही,” ते म्हणाले. या एका वाक्यासाठी तरी त्या जिन्याच्या चौदा अरुंद पायऱ्यांचे कष्ट सार्थकी लागले.

मग पावसाळ्याची गोष्ट निघाली, कारण भाचीचे हात आधीच पोळलेले होते. मागच्या वर्षी तिनं दुसरीकडून शंभर खोके करून घेतले होते, जुलैत. दिवाळीला झाकणं उघडून बघते तर प्रत्येकाला पाठीसारखा बाक आलेला. टेबलावर ठेवलं की डुलायचं. तिला वाटलं पुठ्ठा हलका वापरला. काकांनी मान हलवली. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला ओला गोंद लावून कागद चढवला की कागद वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. उपाय जुना आहे: आतूनही कागद लावायचा, म्हणजे दोघं दोन बाजूंनी ओढतात आणि पुठ्ठा सरळ राहतो. पुठ्ठ्याचे तंतू कुठल्या दिशेनं धावतात तेही कापण्याआधी बघायचं. आणि पावसाळ्यात वाळवायला दुप्पट वेळ द्यायचा, गठ्ठा रचून वर वजन ठेवायचं. आतला कागद गिऱ्हाइकाला चैन वाटतो, पण तोच खोक्याचा कणा असतो.

हिशेबाची वेळ आली तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. कुरियरवाले नुसतं वजन धरत नाहीत, खोक्यानं अडवलेली जागाही धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं, हा सर्रास वापरला जाणारा हिशेब. भाचीच्या मनातला खोका ३० बाय २५ बाय १० चा. म्हणजे दीड किलो. आतला माल सहाशे ग्रॅम. “बाकीचे नऊशे ग्रॅम कशाचे?” तिनं विचारलं. काका हसले. त्यांनी आधीच सांगितलं होतं. घडी होणारा मॅग्नेट खोका मिळतो, पण तो तिच्या घरात जागा वाचवणार. भरून पाठवला की कुरियरचं गणित तेच.

तेव्हा कुठे भाचीनं फोटो बाजूला ठेवले. उंची दहावरून सहावर आणली, कुप्या उभ्याऐवजी आडव्या केल्या. आतल्या साच्यात वस्तू अशी बसवायची की ती काठापेक्षा बोटाच्या पेरभर वर राहील, नाहीतर नखानं उकरावी लागते. खाचेत बुडालेली कुपी काढायला मी एकदा चमचा वापरलेला आहे. जात ठरली टॉप-बॉटम, कारण उटणं-अत्तर काही कुणी दारात उभ्यानं उघडत नाही. झाकण पूर्ण उंचीचं न करता अर्ध्यावर थांबवायचं, आणि दोन्ही बाजूंना अंगठ्याची खाच. काकांच्या मते खाच म्हणजे हवेला पळवाट, झाकण जरा लवकर उतरणार. भाचीनं एका बाजूची खाच काढून टाकली.

रंगावर शेवटी पाच मिनिटं गेली. पॅरिसच्या एर्मेसचा तो प्रसिद्ध नारिंगी खोका दुसऱ्या महायुद्धातल्या टंचाईत आला, नेहमीचा रंग मिळेना आणि उरला होता तो नारिंगी, हे मी मोठ्या ऐटीत सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आपल्याकडे सध्या हळदीचा पिवळा पडून आहे. शंभर खोक्यांपुरता. स्वस्तात देतो.”

पिवळाच झाला.

दसऱ्याच्या आधी पहिली पक्की डमी घरी आली. आई खुर्चीत बसून शेंगा सोलत होती. भाचीनं खोका तिच्या मांडीवर ठेवला. आईनं पदराला हात पुसले, झाकण उचललं, आत न बघताच पुन्हा ठेवलं आणि हात मागे घेतला. झाकण आपलं आपण खाली जाईपर्यंत ती गप्प बसून राहिली. मग पुन्हा उचललं, पुन्हा सोडलं.

तिसऱ्या वेळी तिनं विचारलं, “आणि आत काय आहे गं?”