12 विकेट घेणारा 20 लाखांत, मग दुसऱ्याला दीड कोटी का? आयपीएल लिलावात तरुण खेळाडू नेमके कसे जोखले जातात?

5 फेब्रुवारी 2022. अँटिग्वामध्ये भारताच्या 19 वर्षांखालील संघाने इंग्लंडला 4 गडी राखून हरवलं आणि वर्ल्ड कप जिंकला. आठच दिवसांनी, 13 फेब्रुवारीला, बंगळुरूमध्ये आयपीएलच्या लिलावात याच संघातल्या महाराष्ट्राच्या दोन मुलांची नावं पुकारली गेली. लोणावळ्याचा डावखुरा फिरकीपटू विकी ओस्तवाल आणि तुळजापूरचा वेगवान गोलंदाज राजवर्धन हंगरगेकर.

दोघांचं वय 19. विकीला दिल्ली कॅपिटल्सने 20 लाखांत घेतलं. राजवर्धनसाठी चेन्नई सुपर किंग्जने दीड कोटी मोजले.

गंमत म्हणजे, वर्ल्ड कपमध्ये भारताकडून सर्वाधिक म्हणजे 12 विकेट विकीने घेतल्या होत्या. मग भाव उलटा कसा लागला?

कामगिरी काय सांगत होती?

थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडलेल्या विकीने वर्ल्ड कपच्या पहिल्याच सामन्यात दक्षिण आफ्रिकेचे 5 गडी 28 धावांत बाद केले. त्याआधी डिसेंबर 2021 मध्ये आशिया कपच्या फायनलला श्रीलंकेविरुद्ध त्याने 11 धावांत 3 विकेट घेतल्या होत्या.

राजवर्धनच्या वर्ल्ड कपमधल्या विकेट विकीच्या निम्म्याही नव्हत्या. पण त्याचा चेंडू ताशी 140 किलोमीटरच्या आसपास जायचा. शिवाय आयर्लंडविरुद्ध शेवटच्या षटकांत त्याने 17 चेंडूंत नाबाद 39 धावा कुटल्या.

मग संघांनी काय पाहिलं?

लिलावात संघ 'याने काय केलं' यापेक्षा 'हा आपल्याला काय देईल' हे आधी बघतात. त्यात प्रामुख्याने तीन प्रश्न असतात.

पहिला, असा खेळाडू किती दुर्मीळ आहे? भारतात चांगले डावखुरे फिरकीपटू बरेच मिळतात. 140 च्या वेगाने टाकणारा आणि वर षटकार मारणारा भारतीय खेळाडू क्वचित सापडतो.

दुसरा, संघात जागा आहे का? दिल्लीने अक्षर पटेलला 9 कोटींना आधीच राखलं होतं आणि आदल्या दिवशी कुलदीप यादवलाही घेतलं होतं. म्हणजे विकीच्या पुढे रांग होती.

तिसरा, बोली लावणारे किती? बाजार समितीत शेतमालाचं जे होतं, तेच इथे. भाव चढायला किमान दोन गिऱ्हाइकं लागतात. राजवर्धनची मूळ किंमत 30 लाख होती, ती चढाओढीत पाचपट झाली. विकी मूळ किमतीलाच विकला गेला, कारण दुसरा हात वर झाला नाही.

परदेशात हीच पद्धत आहे का?

नाही. उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या एनएचएल लीगमध्ये 'ड्राफ्ट' असतो. तिथे तरुण खेळाडूंवर बोली लागत नाही, संघ पाळीपाळीने खेळाडू निवडतात. आधीच्या मोसमात तळाला राहिलेल्या संघांना सोडतीत पहिल्या निवडीची जास्त संधी मिळते. नवोदितांच्या पगारालाही मर्यादा असते. त्यामुळे तिथे चर्चा 'कोण कितव्या क्रमांकावर जाणार' याची, आपल्याकडे 'किती कोटींना जाणार' याची.

फरक इतकाच की क्रमांक खेळाडूची तुलना इतर खेळाडूंशी करतो. किमतीत मात्र संघाची गरज, खिशातली रक्कम आणि त्या क्षणाची चढाओढ, सगळंच मिसळलेलं असतं.

पुढे काय झालं?

2022 च्या मोसमात दिल्ली आणि चेन्नई, दोन्ही संघ मावळातल्या गहुंजे स्टेडियमवर खेळले. 2 एप्रिलला दिल्ली गुजरातविरुद्ध उतरली, तेव्हा विकी आपल्याच तालुक्यात होता, पण अंतिम अकरात नव्हता. 1 मे रोजी चेन्नई हैदराबादविरुद्ध खेळली, त्यात राजवर्धनही नव्हता. त्या मोसमात दोघांनाही एकही सामना मिळाला नाही. दीड कोटी आणि 20 लाख, दोन्ही किमती बाकावरच बसल्या.

राजवर्धनला संधी मिळाली 31 मार्च 2023 ला. गुजरातविरुद्धच्या पदार्पणात त्याने 36 धावांत 3 विकेट घेतल्या. तरी नोव्हेंबर 2024 च्या जेद्दाहमधल्या लिलावात लखनौने त्याला 30 लाखांत घेतलं. दीड कोटींचा आकडा पुन्हा तिथेच आला, जिथून 2022 ची बोली सुरू झाली होती.

म्हणून पुढच्या लिलावात एखाद्या 19 वर्षांच्या मुलावर कोटींची बोली लागली, किंवा आपल्या गावचा मुलगा मूळ किमतीला गेला, तर लगेच निकाल लावू नका. ती किंमत त्या दिवशीच्या गरजेची असते. खेळाडू केवढा, हे मैदानात उतरल्यावरच कळतं. आणि त्यासाठी आधी त्याला मैदानात उतरवावं लागतं.