सीपॅप यंत्र आणि निजण्यापूर्वीची तयारी
झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग वारंवार बंद होण्याच्या विकाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. सीपॅप यंत्र मास्कमधून हवेचा सतत दाब देऊन हा मार्ग उघडा ठेवते. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा उपचार प्रथम मांडला.

निजण्याची वेळ रोज एकच असावी. मद्याने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात, म्हणून रात्री ते टाळावे. झोपण्यापूर्वी चेहरा धुऊन कोरडा करावा. तेलकट त्वचेवर मास्क घसरतो आणि हवा गळते. नाक चोंदले असल्यास मिठाच्या पाण्याचा फवारा उपयोगी पडतो. यंत्रातील हवा दमट करणाऱ्या ह्युमिडिफायरच्या टाकीत डिस्टिल्ड वॉटर भरावे. साध्या पाण्यातील क्षार टाकीत साचतात. यंत्र डोक्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवावे, म्हणजे नळीतले पाणी मास्कमध्ये उतरत नाही. मास्कचे पट्टे आडवे पडून, यंत्र चालू असताना बेताने आवळावेत. सुरुवातीला दाब जड वाटल्यास रॅम्प सुविधा वापरावी. तीत दाब हळूहळू वाढतो.

नव्याने यंत्र घेतलेल्यांनी दिवसा वाचताना किंवा टीव्ही पाहताना मास्क लावून सवय करावी. रात्री लघवीला उठल्यावर मास्क पुन्हा लावायला विसरू नये. सकाळी मास्कची गादी सौम्य साबणाने धुवावी, टाकी रिकामी करून वाळवावी. नळी आठवड्यातून एकदा धुवावी.

दाबाचा आकडा स्वतःहून बदलू नये. त्रास होत असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. दुपारच्या झोपेसह प्रत्येक झोपेत यंत्र लावले, तरच उपचाराचा पूर्ण लाभ मिळतो.