यकृताचा पहारा

आपण जेवतों तें सगळें जसेंच्या तसें अंगीं लागत नाहीं. वाटेंत यकृत त्याची झडती घेतें. हा पहारा किती मोलाचा आहे, हें तो उठला म्हणजेच कळतें. टायरामीन या द्रव्याची हकीकत या दृष्टीनें विचार करण्याजोगी आहे.

चीज दीर्घकाळ मुरत ठेवलें, कीं त्यांतील सूक्ष्म जंतू प्रथिनांतून सुटलेल्या टायरोसीनपासून टायरामीन तयार करतात. चीज या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच त्याला हें नांव मिळालें. हें द्रव्य मज्जातंतूंच्या टोकांशीं पोहोंचलें, तर तेथें सांठलेलें नॉरॲड्रिनलीन बाहेर पडतें, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व रक्तदाब चढतो. असें असूनही चीज खाणारीं असंख्य माणसें सुखानें निजतात, याचें कारण काय?

बरेंचसें टायरामीन आंतड्याच्या अस्तरांतच मोडतें. उरलेलें रक्ताबरोबर यकृतांत येतें. त्यावर धन विद्युद्भार असल्यामुळें पेशीच्या स्निग्ध आवरणांतून तें सहज शिरूं शकत नाहीं. ओसीटी-१ नांवाचें वाहक प्रथिन त्याला आंत घेतें. तेथें तंतुकणिकांच्या बाह्य आवरणावर मोनोअमीन ऑक्सिडेज हें विकर त्याचा अमिनो भाग काढून टाकतें. त्यांतून निघालेल्या अमोनियाचा यूरिया होतो, आणि राहिलेल्या अल्डिहाइडचें निरुपद्रवी आम्ल बनून तें मूत्रावाटे निघून जातें. मेरी हेअर या विदुषीनें १९२८ सालीं केंब्रिज येथें हें विकर यकृतांतच प्रथम ओळखिलें.

१९५० नंतरच्या दशकांत हेंच विकर अडविणारीं औषधें मानसिक औदासीन्यावर देण्यांत येऊं लागलीं. तीं घेणाऱ्या कांहीं रोग्यांस एकाएकीं भयंकर डोकेदुखी होई. क्वचित् मेंदूंत रक्तस्राव होऊन मृत्यूही येई. कारण उमगेना. एका इंग्रज औषधविक्रेत्याच्या मात्र ध्यानांत आलें, कीं आपल्या पत्नीस हा त्रास चीज खाल्ल्यावर होतो. त्यानें तसें पत्र लंडनच्या मॉड्सले रुग्णालयांतील डॉ. बॅरी ब्लॅकवेल यांस लिहिलें. ब्लॅकवेल यांनीं १९६३ सालीं तो धागा धरून रोग्यांच्या जेवणाची चौकशी केली, तेव्हां चीजचा संबंध उघड झाला.

चीज नेहमींचेंच होतें; औषधानें पहारेकरी तेवढा बांधून ठेविला होता. आजही अशीं औषधें घेणाऱ्यांस मुरलेलें चीज वर्ज्य सांगतात. औषधाची पुडी हातीं येतांच घरांतील वडील स्त्रिया पथ्य काय म्हणून विचारतात. तो प्रश्न जुन्या वळणाचा म्हणून कोणी हसण्यावारी नेऊं नये, आणि डॉक्टरांपासून आपला आहार लपवूं नये, एवढा बोध या हकीकतींतून घ्यावा.