वसतिगृहात मेंटॉर व्हायचं का?

देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगावहून गोंदियात शिकायला आलेली कितीतरी मुलं वसतिगृहात पहिल्यांदाच घराबाहेर राहतात. त्यांना हवा असतो एखाद्या ताई-दादाचा आधार.

यूजीसीच्या २००९च्या रॅगिंगविरोधी नियमांत तशी तरतूदच आहे: दर सहा नवागतांमागे एक विद्यार्थी-मेंटॉर आणि अशा सहा मेंटॉरांमागे एक वरिष्ठ मेंटॉर. काम स्वेच्छेचं.

अमेरिकेत वसतिगृहात असंच काम करणाऱ्या विद्यार्थ्याला, म्हणजे रेसिडेंट असिस्टंटला, बऱ्याचदा खोलीभाडं माफ होतं. इथे मोबदल्याची अपेक्षा नको, म्हणून होकाराआधी स्वतःचं वेळापत्रक नीट पाहावं. रात्री दार वाजलं तर उठायची तयारी हवी, ऐकलेलं पोटात ठेवायचा संयम हवा. रॅगिंग दिसलं तर मात्र थेट गृहपालांना सांगायचं. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ चोवीस तास सुरू असते.

वेळ आणि आस्था दोन्ही असतील, तर यंदा नाव नक्की द्या!